उनोवर सात इंची टचस्क्रीन: कोणता डिस्प्ले घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. वरुडकडचा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी आहे. घरच्या संत्र्याच्या बागेत ठिबकचे आठ व्हॉल्व्ह आणि बोरची मोटर एका टचस्क्रीनवरून चालवायची आहे. हाताशी अर्दुइनो उनो (प्रोग्राम भरून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे. स्क्रीन किमान सात इंची हवा, कारण बाबांना चष्म्याशिवाय दिसला पाहिजे, आणि सगळं मराठीत हवं. बाजारात सात इंचीचे ढीगभर प्रकार आहेत, सगळे दिसायला सारखे, किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. कोणता घेऊ?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. सिरियलवर (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या तारांवर) बोलणारा, स्वतःचा प्रोसेसर असलेला सात इंची ८०० बाय ४८० स्क्रीन घे. टच रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने चालणारा, घे. उनो शिकण्यापुरता ठेव आणि पॅनलात मेगा, म्हणजे अर्दुइनोचाच मोठा बोर्ड, बसव. मोटर बंद करायचं बटण मात्र स्क्रीनच्या भरवशावर सोडू नको; ते खरं, लाल, दाबायचं बटणच पाहिजे.

आता कारणं. स्क्रीन निवडताना सगळे इंच मोजतात. कंट्रोलरला इंचाशी काही देणंघेणं नसतं, त्याला ओझं होतं ते पिक्सेलचं. ८०० बाय ४८० चा पाच इंची आणि ८०० बाय ४८० चा सात इंची, दोघांचं काम त्याच्या लेखी एकच. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हे चित्र लक्षात ठेवणार कोण?

हिशेब कर. ८०० गुणिले ४८० म्हणजे ३,८४,००० पिक्सेल. एका पिक्सेलच्या रंगाला दोन बाइट धरले तर ७,६८,००० बाइट, म्हणजे साडेसातशे केबी. उनोमधल्या एटमेगा३२८पी चिपची रॅम किती? २ केबी. फ्लॅश ३२ केबी. पूर्ण चित्र तर सोड, स्क्रीनच्या दोन आडव्या ओळीसुद्धा त्या रॅममध्ये मावत नाहीत. त्यामुळे चित्र दुसऱ्या कोणीतरी सांभाळलं पाहिजे, आणि तो दुसरा कोण यावरूनच बाजारातले प्रकार वेगळे होतात.

सगळ्यात स्वस्त प्रकार एसपीआयवरचे (थोड्या तारांवरून एकेक बिट डेटा पाठवायची पद्धत) छोटे डिस्प्ले. २.८ इंची, ३२० बाय २४०, आयएलआय९३४१ कंट्रोलरवाले. चित्र त्या कंट्रोलरच्या मेमरीत राहतं, आपण फक्त बदललेला तुकडा पाठवायचा. शिकायला उत्तम. ईएसपी३२ (वायफाय असलेली कंट्रोलर चिप) आणि हा डिस्प्ले एकाच पिवळ्या बोर्डावर जोडलेला मिळतो, तो एक घेऊन ठेव, वाया जात नाही. पण हीच पद्धत सात इंचीवर नेली की दम लागतो. एसपीआय ४० मेगाहर्ट्झवर चालवली तरी ८०० बाय ४८० चं एक पूर्ण चित्र पाठवायला दीडशे मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला सहा-सात चित्रं. उनोची एसपीआय तर जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झची. पान बदललं की वरून खाली पडदा सरकताना डोळ्यांना दिसेल.

मधला प्रकार आरए८८७५ किंवा एसएसडी१९६३ सारख्या कंट्रोलर चिपचा. या चिपमध्ये ८०० बाय ४८० ची पूर्ण मेमरी असते. आरए८८७५ ला रेघ, चौकोन, वर्तुळ सांगितलं की ती स्वतः काढते. चांगली चीज आहे, उनोवरही चालते. पण बटणं, पानं, अक्षरं हे सगळं कोडमध्ये तूच लिहिणार, आणि ३२ केबी बघता बघता भरतात. एसएसडी१९६३ ला वर समांतर डेटा लाइनी लागतात. आठ व्हॉल्व्हला पिना कुठून आणशील?

तिसरा प्रकार स्मार्ट स्क्रीनचा: नेक्स्टिऑन, डीविन वगैरे. कारखान्यातल्या मशीनवर एचएमआय (माणसाने मशीन चालवायचा पडदा) म्हणतात तो हाच वर्ग, फक्त स्वस्तातला. स्क्रीनच्या पाठीवर त्याचा स्वतःचा प्रोसेसर आणि फ्लॅश असते. पानं तू कॉम्प्युटरवर एडिटरमध्ये काढतोस, मेमरी कार्डाने स्क्रीनमध्ये भरतोस, आणि नंतर अर्दुइनो त्याच्याशी चार तारांवर बोलतो: ५ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची). बस.

हे बोलणं कसं असतं ते एकदा जवळून बघ, म्हणजे धास्ती जाईल. नेक्स्टिऑनवर बटण दाबलं की सात बाइट येतात. पहिला १०१, म्हणजे 'कोणीतरी स्पर्श केला'. दुसरा पानाचा क्रमांक, तिसरा बटणाचा क्रमांक, चौथा १ किंवा ०, म्हणजे दाबलं की सोडलं. मग २५५ तीन वेळा, वाक्य संपल्याची खूण. तू स्क्रीनला काही सांगतोस तेव्हाही आज्ञेनंतर २५५ तीनदाच पाठवायचा. नवख्यांचं घोडं अडतं ते बहुतेक इथेच: एकतर तीन २५५ पाठवायचे राहतात, नाहीतर एडिटरमध्ये त्या बटणाचा क्रमांक पाठवण्याची चौकट टिक केलेली नसते. कोडचा काही दोष नसतो.

उनोऐवजी मेगा का, तर उनोला खरा सिरियल पोर्ट एकच, तोही यूएसबीशी वाटून घेतलेला. स्क्रीन त्यावर लावला की कोड अपलोड करताना दर वेळी तार काढा. मेगाला चार सिरियल पोर्ट, ५४ डिजिटल पिना आणि ८ केबी रॅम. आठ व्हॉल्व्ह, मोटर, फ्लो मीटर, घड्याळ सगळं बसून जागा उरते. डीविनचा स्क्रीन घेतलास तर त्याचा सिरियल टीटीएलवर (अर्दुइनोला चालणारे ० ते ५ व्होल्ट) आहे की आरएस२३२ वर, हे जोडण्याआधी बघ. बऱ्याच मॉडेलांत पाठीवरचा जंपर बदलून ते ठरतं. आरएस२३२ चे उणे-अधिक व्होल्ट थेट मेगाच्या पिनेवर गेले तर मेगा गेला.

चौथा प्रकार सध्या जोरात आहे: ईएसपी३२-एस३ आणि सात इंची पॅनल एकाच बोर्डावर. सन्टन, वेव्हशेअर, एलेक्रो असे बरेच जण बनवतात. एस३ ची आतली रॅम ५१२ केबी, म्हणून चित्र बाहेरच्या ८ एमबी पीएसरॅममध्ये (चिपला जोडलेली जादा रॅम) ठेवतात आणि चिप ते सेकंदाला कितीतरी वेळा वाचून पॅनलला पुरवत राहते. वायफाय अंगचंच. दिसायला झकास, एलव्हीजीएल लायब्ररीवर मोबाइलसारखी पानं बनतात. मग तुला हा घ्यायला का सांगत नाही? एक तर रंगाच्या १६ आणि नियंत्रणाच्या ४ अशा वीस पिना पॅनलच खाऊन टाकतो. व्हॉल्व्हसाठी तुला एक्स्पांडर (पिना वाढवणारी चिप) नाहीतर दुसरा बोर्ड लागणारच. दुसरं म्हणजे वायफाय चालू असताना किंवा फ्लॅशमध्ये काही लिहिताना पीएसरॅमकडून वेळेवर डेटा आला नाही तर अख्खं चित्र बाजूला सरकतं. पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) कमी करून आणि बाउन्स बफर (आतल्या रॅममधला छोटा मधला साठा) लावून ते आटोक्यात येतं, पण ते ज्याला जमलं त्याला जमलं. पहिल्याच प्रकल्पात हा भोग नको. दुसरा प्रकल्प करशील तेव्हा मात्र हाच घे.

एचडीएमआयवाले आणि डीएसआय रिबनवाले सात इंची स्क्रीन रास्पबेरी पायसाठी (छोटा, पूर्ण कॉम्प्युटरच असलेला बोर्ड) असतात. उनोला किंवा मेगाला ते जोडता येत नाहीत. जाहिरातीत अर्दुइनोचं नाव असलं तरी मागचं सॉकेट बघ. जुन्या लॅपटॉपचा पॅनल काढून लावायचा विचारही सोडून दे.

आता टच. दुकानदार म्हणेल कपॅसिटिव्ह घ्या, दाब न देता नुसत्या बोटाच्या स्पर्शाने, मोबाइलसारखा चालतो. घरातल्या भिंतीवर लावायचा असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण तुझा स्क्रीन वावरात, बोरजवळच्या खोलीत बसणार आहे. ठिबकची नळी जोडून आलेला हात ओला असतो, चिखलाचा असतो, फवारणीच्या दिवशी हातमोज्यात असतो. कपॅसिटिव्हवर पाण्याचा थेंब पडला की तो त्यालाच बोट समजतो, आणि साध्या रबरी हातमोज्याला ओळखत नाही. स्वस्त ॲडॉप्टर आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी तर आपोआप बटणं दाबली जातात. शिवाय रात्री उजेड दिसला की किडे येतात, किड्यांमागे पाल येते, आणि पालीचा पाय कपॅसिटिव्ह स्क्रीनला बोटासारखाच वाटतो. हसू नको. मोटर चालू होण्याचं हे कारण कोणाला पटवून देशील?

रेझिस्टिव्हला दाब लागतो. बोट, नख, काडी, हातमोजा काहीही चालतं. पृष्ठभाग मऊ असतो, ओरखडे पडतात, एकावेळी एकच स्पर्श कळतो. तुला दुसरा लागतो कशाला? मात्र बसवताना एक काळजी घे. पॅनलच्या पत्र्याला पाडलेल्या खिडकीची कड स्क्रीनच्या चालत्या भागावर दाबून बसली, तर तिथे कायम बोट ठेवल्यासारखं होतं आणि बाकीचा स्क्रीन मुका पडतो. कड चालत्या भागापासून दोन मिलिमीटर बाहेर ठेव, मध्ये मऊ फोमची पट्टी लाव. ही पट्टी धूळही अडवते. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत कडेच्या फटीत बसलेला भुसाही असाच त्रास देतो.

बटण किती मोठं काढावं? सात इंची पॅनलचा दिसणारा भाग साधारण १५४ बाय ८६ मिलिमीटर असतो. म्हणजे एक पिक्सेल आडवा ०.१९ आणि उभा ०.१८ मिलिमीटर. राठ बोटाला १५ मिलिमीटरपेक्षा लहान बटण देऊ नको, म्हणजे किमान ८५ पिक्सेल. आठ व्हॉल्व्ह चार-चारच्या दोन ओळींत मांडले तर प्रत्येकाला ३५ मिलिमीटर रुंदी मिळते. ऐसपैस. बाबांसाठी अक्षराची उंची ३५-४० पिक्सेल ठेव. दहा इंचीचा मोह होईल, पण बहुतेक १०२४ बाय ६०० असतात, वीज जास्त खातात, आणि तुझ्या आठ बटणांना त्यांची गरज नाही.

उन्हाचं बघू. साध्या पॅनलचा उजेड अडीचशे ते चारशे निटच्या (उजेड मोजायचं माप) आसपास असतो. सावलीत पुरतो, वैशाखातल्या दुपारी उघड्यावर काहीच दिसत नाही. हजार निटचे पॅनल मिळतात, पण महाग आणि विजेला भुकेले. त्यापेक्षा खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर डबा बसव आणि वर पत्र्याचं झाकण ओढ. पॅनल आयपीएस (कुठूनही नीट दिसणारा प्रकार) मिळाला तर बरं, टीएन (स्वस्तातला प्रकार) असेल तर खालून किंवा वरून बघताना रंग उलटतात. बाबा ज्या उंचीवरून बघणार त्याच उंचीला लाव. डिस्प्लेच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुधा ७० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ चढतं. मग पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या बंद लोखंडी डब्यात काय होत असेल? पॅनल फार तापला की मधोमध काळा डाग पसरतो, थंड झाला की जातो. हा डाग दिसला की स्क्रीन बदलू नको, डब्याची जागा बदल.

वीज. खरी डोकेदुखी इथे आहे, आणि याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. व्होल्टेज कधी ४१५, कधी त्याच्या किती खाली. सात इंची स्क्रीन ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर किंवा थोडं जास्त घेतो. हे ५ व्होल्ट मेगाच्या बोर्डावरून घेऊ नको. मेगाला १२ व्होल्ट दिले आणि त्याच्या रेग्युलेटरवर ०.६ अँपिअरचा भार टाकला तर सात व्होल्टांचा फरक गुणिले ०.६, म्हणजे ४.२ वॅट नुसती उष्णता. बोट ठेवशील तर पोळेल, आणि थोड्या वेळात तो स्वतःच बंद होईल. वेगळा बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्ट उतरवणारा मोड्यूल) लाव, एलएम२५९६ चा मोड्यूल चालतो, पण जोडण्याआधी मीटरने बरोबर ५ व्होल्ट लावून घे. हातात येतो तेव्हा तो कुठेही फिरवलेला असतो. १२ व्होल्टची छोटी बॅटरी मध्ये ठेव. लाइन गेली तरी घड्याळ, व्हॉल्व्हची पाळी आणि स्क्रीन जिवंत राहतात.

त्याहून वाईट म्हणजे स्टार्टर. कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधला मोटर जोडणारा-तोडणारा मोठा विजेचा स्विच) कॉइल सुटताना जो झटका मारते, त्याने स्क्रीन पांढरा पडतो नाहीतर मेगा रिसेट होतो. मग लोक महिनाभर कोडमध्ये चूक शोधतात. स्क्रीनच्या तारा स्टार्टरच्या तारांबरोबर एकाच पाइपातून ओढू नको. मेगाच्या रिलेने थेट स्टार्टरची कॉइल न उचलता मध्ये एक दणकट औद्योगिक रिले घाल. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) लाव. इथे डोळे उघडे ठेव: आपल्या शेतपंपांच्या बहुतेक स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, त्यावर २७५ व्होल्टचा कपॅसिटर लावलास तर तो फुटेल. तेवढ्या व्होल्टचा तयार स्नबर मागून घे. ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह सहसा २४ व्होल्ट एसीचे असतात, त्यांचा ट्रान्सफॉर्मरही वेगळा ठेव. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर थांबवणारा) आणि ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की थांबवणारा) आहेत तसेच राहू दे. तुझा प्रोग्राम त्यांच्या वर नाही, त्यांच्या खाली काम करतो. स्टार्टरला जुना ऑटो स्विच (लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा) असेल तर तो मात्र काढ, नाहीतर लाइन आल्याबरोबर व्हॉल्व्ह बंद असतानाच मोटर सुरू होईल आणि पाइप फाटेल.

स्टॉपचं लाल बटण कॉइलच्या मार्गात सरळ जोड, मेगातून फिरवून नको. स्क्रीन हँग झाला, मेगा गेला, तरी बटण दाबलं की मोटर थांबली पाहिजे.

मराठीबद्दल. एडिटरमध्ये मराठी फॉन्ट टाकला की झालं, असं तुला वाटत असेल. तसं होत नाही. हे स्क्रीन आणि एलव्हीजीएलसुद्धा अक्षरं एकामागून एक मांडतात, जोडत नाहीत. 'विहीर' लिहिलंस तर पहिली वेलांटी 'व'च्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि 'ह'च्या डोक्यावर बसते. 'संत्रा'मधला 'त्र' फुटतो, पाय मोडलेला 'त' आणि शेजारी सुटा 'र' दिसतो. म्हणून शब्द चित्र करून टाकायचे. कॉम्प्युटरवर अख्खं पान मराठीत रंगवून ८०० बाय ४८० चं चित्र बनव, ते पार्श्वभूमीला लाव आणि बटणांच्या जागी न दिसणारे हॉटस्पॉट (स्पर्श ओळखणारे चौकोन) ठेव. दुसरं चित्र तेच पान, पण सगळे व्हॉल्व्ह चालू दाखवणारं, हिरवं. जो व्हॉल्व्ह चालू झाला तेवढाच तुकडा दुसऱ्या चित्रातून कापून दाखवायची सोय नेक्स्टिऑनमध्ये आहे. एक पान साडेसातशे केबी, सात इंचीच्या साध्या मॉडेलची फ्लॅश १६ एमबी. वीसेक चित्रं आरामात बसतात आणि तुला सहा-सात पुरतील. आकडे जोडावे लागत नाहीत, म्हणून ० ते ९ चा देवनागरी फॉन्ट बनवून मिनिटं आणि लिटर मराठी आकड्यांत दाखवता येतात. फक्त मेगाकडून येणारा इंग्रजी आकडा पाठवण्याआधी बदलायचा.

पानावरची भाषा घरातलीच ठेव. 'झोन ३' नको, 'धुऱ्याकडची ओळ', 'बोरजवळची ओळ' असं लिही. दोन मिनिटं कोणी हात लावला नाही तर बॅकलाइट बंद कर, आणि पहिल्या स्पर्शाने फक्त उजेड येऊ दे, व्हॉल्व्ह उघडू देऊ नको.

स्क्रीन घरी आणि व्हॉल्व्ह वावरात असा बेत असेल तर सिरियलची साधी तार काही मीटरच्या पुढे नेऊ नको. मॅक्स४८५ च्या दोन मोड्यूलांनी आरएस४८५ (लांब तारेवर चालणारी सिरियलची पद्धत) कर, सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला हजार मीटरही जातं. पण घरी नुसतं बघायचंच असेल तर ईएसपी३२ वर छोटं वेबपान ठेवून जुन्या मोबाइलवर उघड. वायफाय पोचत असेल तिथे यापेक्षा मोठा आणि स्वस्त टचस्क्रीन मिळणार नाही, आणि त्यात मराठी अक्षरंही धड जुळतात.

शेवटचं काम. बक कन्व्हर्टर, रिले, फोम हे सगळं नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावतीला मिळेल, स्क्रीन ऑनलाइन मागवावा लागेल. आल्यावर लगेच डब्याला खिडकी पाडू नको. टेबलावर सगळं जोड, स्टार्टर शेजारीच ठेवून तो पुन्हा पुन्हा चालू-बंद कर. स्क्रीन एकदाही लुकलुकला नाही तरच पत्रा काप. पानांची फाइल पेन ड्राइव्हवर ठेव आणि स्क्रीनचा पूर्ण मॉडेल क्रमांक डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिही. दुसऱ्या मॉडेलचा स्क्रीन ती फाइल घेत नाही.